किंमत नसलेला कप

"जुनी चिनी मातीची भांडी आहेत का?" परवा मिठबावात आमच्या दारात एक खरेदीदार आला. आजीच्या कपाटातल्या कपबश्या दाखवल्या. सोनेरी काठ, गुलाबाची फुलं. पाहुण्यांसमोर मिरवायचा घराण्याचा मान. गडी खूश!

मग पडवीच्या वळचणीतला कप काढला. फुलं तीच, पण कान तुटलेला. म्हणाला, "याला किंमत नाही."

नाही कशी? यात आजी दलित कामकऱ्याला वरून चहा ओतायची. तो पिऊन, धुऊन कप परत वळचणीला ठेवायचा. घटनेच्या कलम १७ ने १९५० मध्येच अस्पृश्यता संपवली. आमच्या पडवीत मी शाळेत जाईपर्यंत ती होती.

गुलाबी कपबश्या विकल्या. हा शोकेसमध्ये ठेवलाय. लेक विचारते, "बाबा, ह्यो फुटको कप हंय कित्याक?" सांगावंच लागतं.

तुमच्या पडवीत होता ना? खरं सांगा.