भरती-ओहोटीचे वेळापत्रक

लग्न ठरले तेव्हा मी हिला जी दोन-चार आश्वासने दिली होती, त्यांतले एक समुद्राचे होते. बाकीची कोणती होती ते मला आता आठवत नाही. हिला आठवत असली तरी ही बोलून दाखवीत नाही. समुद्राचे आश्वासन मात्र दोघांच्याही पक्के ध्यानात राहिले होते. ऋणकोला आणि धनकोला जसा एकच आकडा पाठ असतो, तसे.

आमचे अल्लीपूर वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यात आहे. मुलूख कापसाचा, माती काळी, आणि समुद्र वर्ध्याहून रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर. तशी आमच्या भागाची समुद्राशी ओळख नाही असे नाही. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरापर्यंत पोहोचली आणि इकडचा कापूस गाडीत बसून मुंबई बंदराला जाऊ लागला. आमच्या जिल्ह्यातल्या यशोदेचे पाणी वर्धेला मिळते, वर्धेचे प्राणहितेला, प्राणहितेचे गोदावरीला, आणि गोदावरी ते थेट पूर्वसमुद्राला नेऊन घालते. म्हणजे आमच्याकडचे पीक समुद्रावर जाऊन आले, पाणीही जाऊन आले. राहिलो होतो ते आम्ही दोघे.

राहण्याचे कारण उघड होते. लग्नानंतर मुलगा, मग बहिणीचे लग्न, मग घराची डागडुजी. आणि हे सारे आटोपते न आटोपते तोच आईला पक्षाघाताचा झटका आला. सात वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. गेल्या चैत्रात ती गेली. तोपर्यंत मुलगाही शिक्षणासाठी पुण्याला गेला होता. दिवाळीच्या सुट्टीत घरात दोघेच उरलो तेव्हा मी म्हटले, ‘‘चल, समुद्र पाहून येऊ.’’

मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी आमच्या कॉलेजात माझी खरी कीर्ती आहे ती वेळापत्रक लावणारा म्हणून. गेली बारा वर्षे हे काम माझ्याकडे आहे. तेव्हा सहलीचेही एक वेळापत्रक मी फुलस्केप कागदावर लाल आणि निळ्या शाईने तयार केले. दहा दिवस, बारा मुक्कामाची आणि पाहण्याची ठिकाणे, सात किल्ले, चार खाड्या. शेजारचे एक वृद्ध शेतकरी तो कागद पाहून म्हणाले, ‘‘सर, समुद्रात पाहाचं काय आहे जी? पाणीच तं आहे!’’ हिने मात्र तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, ‘‘यात बसायला वेळ कुठं आहे?’’

‘‘एसटीत बसायचंच आहे की!’’

‘‘तसं नाही हो. नुसतं बसायला.’’

नुसते बसणे हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नसल्याने मी तो प्रश्न सोडून दिला.

विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा, तेथून अलिबाग, आणि रेवदंड्यावरून मुरूड, असा आमचा मार्ग होता. गेटवेपाशी मी हात पसरून ‘‘हा बघ समुद्र’’ म्हणालो. पण हिने तो मान्य केला नाही. ‘‘हे बंदर झालं,’’ ही म्हणाली. खरा समुद्र हिच्या मते मुरुडला आला. संध्याकाळची वेळ होती. चपला हातात घेऊन ही पाण्याच्या कडेला उभी राहिली. पाच-दहा मिनिटे काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘केवढा आवाज करतो हो हा! रात्रीसुद्धा करतो का?’’

‘‘समुद्राला रात्रपाळी असते,’’ मी विनोद केला. ही हसली नाही. तिला ऐकू गेले नसावे, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. ‘जझीरा’ म्हणजे अरबीत बेट. त्याचाच हा जंजिरा. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कोठे आहे ते कळतच नाही. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही, म्हणून त्यांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून वाट काढण्याचा प्रयत्न केला. सिद्दींचे हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकले. हे सारे मी हिला कलालबांगडी तोफेपाशी उभे राहून सांगितले. नावाड्याने पाऊण तास दिला होता. त्यातली पंचवीस मिनिटे माझ्या व्याख्यानात गेली. ही मधल्या तलावापाशी जाऊन थबकली. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचा तलाव, याचे आम्हा वऱ्हाडनागपूरकडच्या माणसांना वाटते तेवढे नवल दुसऱ्या कोणाला वाटणार नाही. पण मी घड्याळ दाखवले, आणि आम्ही होडीकडे धावलो.

आगरदांड्याहून दिघीला जायला मोटारगाड्यांसकट माणसे नेणारी मोठी फेरीबोट असते. तिला इकडे ‘जंगलजेटी’ म्हणतात. जंगल कोठेही दिसत नाही, आणि जेटीही ती नव्हे. पलीकडे उतरून संध्याकाळपर्यंत दिवेआगरला पोहोचलो. कार्तिक शुद्ध द्वादशी होती. घराघरांपुढे तुळशीची लग्ने चालली होती. उसाचे मांडव, आवळे-चिंचा, पणत्या. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या अंगणात सुपारी वाळत घातली होती. उकडीचे मोदक खाऊन मी आडवा झालो तो झोपलोच. झोपेच्या बाबतीत माझी ख्याती आहे. घराशेजारून लग्नाची वरात गेली तरी मला जाग येत नाही, असे मी स्वतःच कौतुकाने सांगत असतो.

त्या रात्री मात्र दाराची कडी वाजली आणि जाग आली. शेजारचे अंथरूण रिकामे होते. ही ओटीवर बसलेली दिसली. चंद्र पश्चिमेला माडांच्या मागे कलला होता, आणि ओहोटीमुळे दूर गेलेल्या समुद्राचा आवाज वाडीतून हळूहळू येत होता. घड्याळात दोन वाजले होते.

‘‘झोप येत नाही का?’’

‘‘येते की. पण दोनला जाग येतेच. सवय झालीय.’’

‘‘कसली सवय?’’

हिने माझ्याकडे पाहिले. आपण काही नवीन सांगत आहोत, असे हिच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हते. ‘‘आईंची कूस बदलायची असायची ना. अकराला, दोनला आणि पाचला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज नाहीतर काय!’’

‘‘मग मला का नाही उठवलंस?’’

‘‘तुमची सकाळी एसटी असायची.’’

एवढेच. आवाजात तक्रार नव्हती, उपकाराची भाषा नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते. तिला उत्तर देता आले असते. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगत असे, की सात वर्षे आई अंथरुणावर होती, पण आम्ही तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. आम्ही! ‘आम्ही’ या सर्वनामाचा इतका सोयीचा वापर मराठीच्या प्राध्यापकाने केलेला पाहून विद्यार्थी काय म्हणतील, हा विचार त्या ओटीवर माझ्या मनात आला. मी काही बोललो नाही. हिच्याजवळ बसून राहिलो. थोड्या वेळाने ही म्हणाली, ‘‘खरंच हो, रात्रपाळी असते याला.’’ म्हणजे मुरुडचे माझे बोलणे हिला ऐकू गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरला गेलो. श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथांचे, पेशव्यांच्या घराण्याचे गाव; पण त्या दिवशी मी व्याख्यान दिले नाही. हरिहरेश्वराच्या देवळामागे एक टेकडी आहे. पायऱ्यांनी ती चढून पलीकडे उतरले की समुद्राच्या काठाकाठाने खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. माझ्या वेळापत्रकात लिहिले होते : १०.४५ प्रदक्षिणा, ११.३० प्रस्थान. आम्ही पायऱ्यांच्या शेवटाशी गेलो तेव्हा त्या वाटेवर कंबरभर लाटा फुटत होत्या.

परत येऊन चहाच्या टपरीवरच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘आज त्रयोदशी ना? तेराला तिनानं गुणा आणि चारानं भागा. पावणेदहाला भरती झाली. आता पाणी उतरेपर्यंत बसायचं. अडीच-तीनशिवाय खाली जाऊ नका, माणसं गेलीत त्या वाटेवर.’’

मी चकित झालो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ! भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते, हा सगळा चंद्राचा कारभार त्या बाईंनी कपबशी विसळता विसळता सांगून टाकला होता. बारा वर्षे वेळापत्रके लावूनही इतके सोपे आणि इतके बिनचूक सूत्र मला साधलेले नाही. आणि त्यात कोणाच्या विनंतीवरून बदल होत नाही.

मग आम्ही बसलो. चार तास. हिने मागितलेले ‘नुसते बसणे’ समुद्राने परस्पर मंजूर केले होते.

पहिला तास मला जड गेला. साडेअकराची गाडी वरून निघून गेल्याचा आवाजही मी ऐकला. ही खडकाला पाठ लावून निवांत बसली होती. मग, कोणी विचारल्याशिवायच, ही बोलू लागली. रात्री दोनला कूस बदलली की आई पुष्कळदा जागी राहायची. दिवसा तिचे बोलणे कोणाला उमगत नसे, जीभ जड झाली होती. ‘‘पण ओवी म्हणायला लागल्या की शब्द सुटे यायचे हो,’’ ही म्हणाली. ‘‘जात्यावरच्या. त्यांच्या माहेरच्या विहिरीच्या, भावाच्या. मी पाय चेपत बसायची आणि त्या म्हणायच्या.’’

मी वर्गात लोकगीते शिकवतो. छापील संग्रहातून शिकवतो, परीक्षेला त्यावर प्रश्न काढतो. आणि भिंतीच्या पलीकडे, माझ्याच घरात, माझी आई ओव्या म्हणत होती आणि मी झोपलो होतो.

‘‘तुला येतात त्या?’’

‘‘चार-सहा येतात. बाकीच्या गेल्या त्यांच्याबरोबर.’’

हिने त्या म्हणून दाखवल्या. हळू आवाजात, समुद्राकडे पाहत. मी खिशातून कागद काढला. लिहायला दुसरा नव्हता, म्हणून वेळापत्रकाच्याच पाठीवर त्या उतरून घेतल्या.

तीन वाजता आम्ही खाली उतरलो. सकाळी जेथे लाटा फुटत होत्या तेथे ओला काळा खडक उघडा पडला होता. लाटांनी तो असा कोरला आहे, की जागोजाग मधाच्या पोळ्यासारखी भोके. त्यांत उरलेले पाणी आणि पळणारे लहान खेकडे. ही पुढे चालत होती, मी मागे. घरी नेहमी उलट असते.

पुढचे थोडक्यात सांगतो. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली, हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला, आणि समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग किनाऱ्यावर बसूनच पाहिला. दाभोळ, जयगड, या खाड्या ओलांडताना बोट येईपर्यंत थांबावे लागले, आणि थांबणे आता आम्हाला जमू लागले होते. वेळापत्रकातली निम्मी ठिकाणे राहिली. विजयदुर्ग राहिला, रत्नागिरीचा थिबा राजवाडाही राहिला. पुढे २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत विजयदुर्गही आहे. माझे सहकारी मला अजून त्यावरून चिडवतात.

शेवटचा मुक्काम मालवणला. ‘‘खयसून इलात?’’ होडीवाल्याने विचारले. ‘‘वर्ध्याहून,’’ म्हटल्यावर तो म्हणाला, ‘‘म्हणजे गांधीजींच्या सेवाग्रामचे!’’ कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाचे बांधकाम महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केले. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे तेथे दाखवतात. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्यात अजून काही कुटुंबे राहतात. त्यांतल्या एका बाईंनी हिला तांब्याभर पाणी दिले. ही प्यायली, उरलेले माझ्यापुढे केले. मी कोणतीही सनावळी न सांगता ते प्यायलो.

होडी सुटायला अवकाश होता. आम्ही तटावर बसलो.

त्या रात्री मालवणात मला दोन वाजता जाग आली. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता. त्याची रात्रपाळी चालू होती. मी शेजारी पाहिले. ही गाढ झोपली होती, एका कुशीवर, हात उशाशी घेऊन. सात वर्षांत बहुधा प्रथमच दोन वाजता हिला जाग आली नव्हती. खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी ते धरून बसलो. पाच वाजता कोंबडा आरवला तेव्हाही मी जागाच होतो.

लग्नापूर्वीचे समुद्राचे देणे तर फिटले. पण सात वर्षांच्या अडीच हजारांवर रात्री होतात. त्यांच्या हिशेबात मालवणची ही एक रात्र कोठे मांडावी, ते मला अजून ठरवता आलेले नाही.