सलगमाचा कंदील

वसईत आमच्याकडे २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. आदल्या दिवसापासून दफनभूमीत लगबग सुरू होते. थडग्यांभोवतीचं गवत काढायचं, क्रूस धुवायचे, झेंडूची फुलं मांडायची, मेणबत्त्या लावायच्या. संध्याकाळी फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीतून फिरतात आणि प्रत्येक कुटुंब आपापल्या माणसांपाशी उभं असतं. हा दिवस मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. त्याच्या दोनच दिवस आधी येणारी हॅलोविनची रात्र जवळून पाहायला मिळाली ती मात्र आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या कॅसलबारला, नर्सच्या नोकरीसाठी आल्यावर.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे शाळांना सुट्टी असते. पाच वाजल्यापासून काळोख पडायला लागतो, अंगणाअंगणात भोपळे येऊन बसतात. मला या सगळ्याच्या मुळाशी जायचं होतं आणि मूळ फार लांब नव्हतं. कॅसलबारजवळच टर्लॉक पार्कमध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं ग्रामीण जीवनाचं दालन आहे. तिथे एका कपाटात सलगम कोरून केलेल्या कंदिलाचा प्लास्टरमधला साचा ठेवलाय. आत खोल गेलेले डोळे, चिमटलेलं नाक, वेडेवाकडे दात. डोनेगॉलमधल्या फिनटाउन गावच्या एका शिक्षिकेने मूळ कंदील १९४३मध्ये संग्रहालयाला दिला. असे कंदील आता कोणी करत नाही, एक तरी जपला जावा, हा तिचा हेतू. मूळ सलगम विरायला आला, म्हणून त्याचा साचा काढला गेला. त्या चेहऱ्यासमोर मी बराच वेळ उभी होते. भोपळा ही अमेरिकेची देणगी, हे तिथे डोळ्यांना दिसलं. १८४५नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. आयर्लंड-स्कॉटलंडहून गेलेल्यांनी आपली रात्र सोबत नेली. तिकडे शेतात भोपळे होते. मोठे, मऊ, कोरायला सोपे. दिव्याने घर बदललं आणि पुढे नव्या रूपात तो माघारी आला.

आमच्या शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग करूया की एक." सलगम होता नारळाएवढा, जांभळ्या सालीचा, आत पिवळट गर. वरची चकती कापायलाच मनगट भरून आलं. मग जाड चमच्याने खरवडायचं. गर भोपळ्यासारखा सुटत नाही, किसासारखा थोडा थोडा निघतो. भिंत बोटाएवढी जाड ठेवायची, नाहीतर डोळे कापताना तडकते. आत मेणबत्ती लावून झाकण ठेवलं की थोड्या वेळाने झाकणाची आतली बाजू भाजायला लागते आणि मोहरीसारखा उग्र, गोडसर वास सुटतो. "हाच," बाई म्हणाल्या, "हाच वास आमच्या हॅलोविनचा."

त्या रात्री त्यांच्याकडे जेवायला कॉलकॅनन होतं: बटाटा उकडून कुस्करलेला, त्यात केलची पानं, मधोमध लोण्याचं तळं. मांस नाही. ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या, म्हणून पूर्वी कॅथलिक घरांत त्या दिवशी मांस वर्ज्य असे. उपासाचं म्हणून जे केलं, तेच सणाचं पक्वान्न झालं. नंतर बार्मब्रॅक कापला. मनुका घातलेला गोड पाव. त्यात पूर्वी अंगठी, नाणं, चिंधी, काडी आणि वाटाणा दडवत. अंगठी मिळाली तर वर्षात लग्न, वाटाणा मिळाला तर यंदा नाही, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे दारिद्र्य, काडी म्हणजे दुःखाचा संसार. दुकानच्या ब्रॅकमध्ये आजही अंगठी असते. ती आली बाईंच्या नातीच्या वाट्याला आणि सगळं घर हसलं. या खेळांना भुताखेतांपेक्षा उद्याची काळजी जास्त, हे मला तेव्हा फार जाणवलं. कापणी झालेली, हिवाळा दाराशी, पुढचं वर्ष कुणाचं कसं जाणार हे कुणालाच ठाऊक नाही. रॉबर्ट बर्न्सने १७८५मध्ये हॅलोविनवर दीर्घ कविता लिहिली, तीही अशाच लग्नाच्या शकुनांनी भरलेली आहे.

या रात्रीखाली सावन हा जुना गेलिक सण आहे. उन्हाळ्यात वरच्या कुरणात नेलेली गुरं खाली आणायची, हिवाळ्यात पोसायची किती आणि कापायची किती ते ठरवायचं, तो हा काळ. मध्ययुगीन आयरिश कथांत सावनला तारा टेकडीवर राजांचे मेळावे भरतात आणि दुसऱ्या जगाच्या टेकड्या उघडतात. त्याच टेकडीवर पाच हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे; त्याच्या बोळात सावनच्या सुमाराला उगवता सूर्य शिरतो. एवढं पाहून सगळंच प्राचीन म्हणावंसं वाटतं. पण रोनाल्ड हटन या इतिहासकाराने १९९६च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की ख्रिस्ती धर्म येण्याआधी सावन हा मृतांचा सण होता याला पुरावा नाही. मृतांची आठवण आली ती चर्चकडून. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण नवव्या शतकात पश्चिम युरोपभर रुजला. २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचा प्रघात क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओडिलो याने हजार सालाच्या आसपास घातला. म्हणजे वसईच्या दफनभूमीतल्या मेणबत्त्या आणि कॅसलबारचा सलगम, दोन्ही चर्चच्या या लागून येणाऱ्या दिवसांशी जोडलेली आहेत. हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

त्यातूनच बाकीच्या चालीही उलगडतात. इंग्लंडमध्ये मुलं आणि गरीब माणसं दारोदार जात, मृतांसाठी प्रार्थना करीत आणि बदल्यात छोटा केक घेत. स्कॉटलंडमध्ये वेष पालटून, गाणं किंवा नक्कल करून मग खाऊ मागायचा. आयर्लंडमधल्या घरांत मृतांच्या रात्री चूल धगधगती ठेवत, दाराला कडी घालत नसत, येणाऱ्यांसाठी टेबलावर पाणी आणि खाणं मांडून झोपायला जात. बाईंच्या आईने हे शेवटपर्यंत केलं. "भीती नाही वाटायची?" मी विचारलं. "कशाची?" त्या म्हणाल्या. "आमचीच माणसं ती."

आयर्लंडच्या या चालींतलं बरंच काही आज कळतं ते मुलांमुळे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने पाच हजारांवर प्राथमिक शाळांतल्या सुमारे पन्नास हजार मुलांना काम दिलं: घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत उतरवा. त्या वह्या आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. मी रात्रपाळीहून आल्यावर त्या वाचत बसते. सफरचंद दोरीला टांगून हात न लावता चावायचं, दोन अक्रोड निखाऱ्यावर शेजारी ठेवून जोडप्याचं भविष्य पाहायचं, हॅलोविननंतर ब्लॅकबेरी खायची नाही कारण पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकतं; सगळं अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या टपोऱ्या अक्षरांत.

वसईत हल्ली हॅलोविनच्या पार्ट्या होतात आणि त्या कराव्यात की नाही यावर वाद होतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलांच्या हाती मुखवटा देताना एक वहीही द्यावी. २ नोव्हेंबरला आपल्या आळीत पूर्वी काय शिजायचं, थडग्यावर कोणती फुलं जायची, घरी कोणती प्रार्थना म्हटली जायची, हे आजीला विचारून आमच्या सामवेदी बोलीतच लिहून काढू दे. सांगणारी माणसं अजून आहेत. माझ्या भाच्यांना मी तशी वही पाठवली आहे आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहून दिले आहेत.