साजगांवीं वळूचा शोध

खोपोलीहून पेणच्या रस्त्यास लागलें कीं साजगांव फार दूर राहत नाहीं. टेकडीवर विठोबाचें देऊळ, पायथ्याशीं कार्तिकांतली यात्रा आणि यात्रेंत सुक्या मासळीचे ढीग. म्हणूनच इकडील लोक या देवाला कौतुकानें 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. गेल्या कार्तिकांत काकांसह मी तेथें गेलों, तो दर्शनाइतकाच एका वळूच्या शोधासाठीं. यात्रेंत गांवोगांवचीं माणसें भेटतात. चौकशीस याहून सोयीची जागा कोणती?

आजीच्या माहेराहून आलेल्या गाईचा वंश आमच्याकडे एका तांबूस कालवडीवर येऊन ठेपला होता. या ठेंगण्या कोंकणी गाईची कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनें २०१८ सालीं 'कोंकण कपिला' या नांवानें स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. दूध दिवसाला दोन-अडीच लिटर. पण येथील पाऊस, डोंगराचा चढ आणि भाताचा पेंढा तिला मानवतो. त्या थोड्या दुधाला कंटाळून घरोघरीं जर्सीचा संकर झाला आणि निर्भेळ वळू मिळणें दुर्घट होऊन बसलें. कालवडीच्या बाबतींत आम्हीही तीच वाट धरली असती, तर आजीच्या गाईचा वंश तेथेंच संपला असता.

यात्रेंत भेटलेल्या एका मध्यस्थानें जवळच्या वाडींत नेऊन एक देखणा खोंड दाखविला. वशिंड मात्र बसकें, गळ्याखालची पोळी तोकडी; संकराच्या या खुणा काकांनीं ओळखल्या. त्याच्या आईविषयीं विचारतांच मध्यस्थ गप्प झाला.

तेथेंच उभा असलेला एक वृद्ध शेतकरी हंसून म्हणाला, "दादा, खोंडाचं रूप काय बघता? त्याची आई बघा." त्यानें आम्हांस आपल्या गोठ्यांत नेलें. वळूआधीं त्याची आई दाखविली, बहिणी दाखविल्या. सोयरीक ठरवितांना आपण घराण्याची चौकशी करतों, तशीच ही! दर तीन वर्षांनीं वळू बदलावा, नाहींतर त्याचा स्वतःच्याच लेकींशीं संबंध येतो, हेंही त्यानें बजावलें.

काकांनीं किंमत विचारली. "विकायचा नाही. गांवच्या गाईंनी मग काय करायचं?" तो म्हणाला. "तुमची कालवड तीन आठवडे इथं ठेवा. पैसे नकोत. पाडा झाला तर खच्ची करायचा नाही, एवढा शब्द द्या."

काकांनीं शब्द दिला.

यंदा गौरी-गणपतींत कालवड व्याली, पाडा झाला. ज्या घराची शेती केव्हांच सुटली, तेथें वळू पोसावयाचा कशास, असा प्रश्न स्वयंपाकघरांतून आलाच. काकू दोन दिवस रागावून होत्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनींच पाड्यासाठीं जुनी गोधडी काढून दिली. आतां येत्या कार्तिकांत आम्हांला पुन्हा साजगांवीं जावयाचें आहे. या वेळीं शोध वळूचा नाहीं. दोन-तीन वर्षांनीं त्याला सांभाळील अशा गांवाचा आहे.