मनीची माती



आमच्या नेरूळच्या दोन खोल्यांच्या घरात सध्या चार माणसं आणि एक तीन पायांची मांजर राहते. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात पार्किंगमध्ये एका गाडीखाली तिचा मागचा पाय चेचला. डॉक्टरांनी तो काढला आणि सांगितलं, आता ही बाहेर जगणार नाही. लेक तिला टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आला.

सासूबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अगं, मांजर पाळणं अनर्थदंडात येतं, ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. श्रावकाचाराच्या ग्रंथांत तसं सांगितलंच आहे, कारण तो शिकार करणारा जीव. मी म्हटलं, "आई, आपण पाळत नाही, सांभाळतोय. घरात राहिली तर शिकार तरी होणार नाही." त्या गप्प बसल्या. (तिला खायला काय घालायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्यावर लिहायचं धाडस झालं की लिहीन.)

पण घरात राहणार म्हणजे तिचं सगळं घरातच. दुकानातून लिटरची पिशवी आली. "लिटर" ऐकलं की सासूबाईंना दूध आठवायचं, म्हणून घरात तिचं नाव पडलं मनीची माती. कपडे वाळत घालायच्या गॅलरीत एक टब ठेवला. त्याच भिंतीच्या अलीकडे आमचं जिनवाणीचं कपाट, आणि तिथंच सासूबाई पहाटे सामायिकाला बसतात. पंधराएक दिवसांनी बघते तर त्यांनी आसन उचलून आतल्या खोलीत नेलेलं. एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी त्या वासाच्या मागे लागले. आधी उदबत्ती लावली, तर उदबत्ती आणि मांजर असा तिसराच वास तयार झाला. मग एक दिवस टबात ब्लीचिंगचं पाणी ओतलं. मैत्रिणींनो, हे कधीही करू नका. मूत्रातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की विषारी वाफ निघते. माझे डोळे आणि घसा तासभर चुरचुरत होते. फिनेलही नको, ते मांजरांना बाधतं. शिवाय जंतू मारायचं औषध घरात शिंपडताना आपला हात थोडा तरी अडखळायला हवा.

नंतर लक्षात आलं की ताज्या मूत्राला एवढा वास नसतोच. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि त्याला वेळ लागतो. पावसाळ्यात, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, तो अमोनिया नाकाला जास्तच झोंबतो. म्हणजे वास माझ्या आळसाचा होता. मी एक दिवसाआड साफ करत होते. आता सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा जाळीच्या झाऱ्याने गोळे काढते. माती दोन-तीन इंच राहील एवढीच घालते. तीन आठवड्यांनी टब रिकामा करून साध्या साबणाने धुते आणि उन्हात वाळवते. ऊन नसेल तर पंख्याखाली. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नका. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माची बाधा होऊ शकते. ती विष्ठा एक ते पाच दिवस पडून राहिली की मगच बाधक होते, म्हणूनही रोज काढलेली बरी.

मध्यंतरी वखारीतून लाकडाचा भुसा आणून पाहिला. फुकट, आणि वासही छान. पण श्रावणात दमट होऊन त्यात बारीक किडे झाले. चातुर्मासात किड्यांनी भरलेला टब हातात धरून मी गॅलरीत किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. सगळा भुसा आवारातल्या झाडाखाली सावकाश पसरला आणि पुन्हा मातीवर आले. ही माती म्हणजे बेंटोनाइट. आपल्याकडे ती कच्छमधल्या खाणींतून निघते आणि ओल लागली की फुगून गोळा होते. म्हणून शौचालयात टाकली तर पाइप तुंबतो. खणून काढलेला पृथ्वीकाय तो. पूर्वी महिन्याला दहा किलो लागायची, आता गोळे नीट काढल्यावर सात किलोत भागतं.

हे सगळं जमलं आणि मी मनात खूश झाले. मग एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दारात थांबून म्हणाल्या, "ताई, तुमच्या पिशवीत काय असतं हो? परवा फुटली माझ्या हातात. दोनदा साबण लावला, वास जाईना."

मी ते गोळे पातळ पिशवीत घालून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. घरातला वास मी त्यांच्या हाताला नेऊन लावला होता.

आमच्या आजोळी, सांगलीकडे, एकदा मुनीमहाराजांचा चातुर्मास होता. पाच समित्यांतली शेवटची उत्सर्ग समिती आजीने तेव्हा आम्हा पोरींना समजावली होती. मल, मूत्र, थुंकी टाकतानाही आधी जागा बघायची, पिच्छीने हळुवार झाडायची, जीव नाहीत ना, कुणाला त्रास नाही ना, हे पाहून मग टाकायचं. आम्ही तेव्हा तोंडाला पदर लावून हसलो होतो. ते मुनींचं व्रत, आपण गृहस्थ, हे खरं. पण मावशींचा हात पाहिल्यावर मला तीच समिती आठवली. माझी नजर माझ्या उंबऱ्यापर्यंतच होती.

आता गोळे वर्तमानपत्राच्या दोन थरांत बांधते, सॅनिटरी पॅडच्या पुडीवर करतो तसा लाल ठिपका काढते आणि ती पुडी ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी मावशींच्या हातात देते. काय आहे तेही सांगितलंय. घंटागाडीतून ती पुढे तुर्भ्याच्या बाजूला जाते. तिथं पुढे तिचं काय होतं, हा विचार रात्री कधी कधी येतो. पण निदान वाटेत कुणाच्या हातात फुटत नाही.

पुड्यांसाठी कागद कापून ठेवायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं आहे. मनीला त्या अजून हात लावत नाहीत. दुपारी चष्मा लावून रद्दी घेऊन बसतात आणि प्रत्येक पान उलटसुलट बघतात. देवाचा, मुनींचा फोटो असेल तर ते पान बाजूला. परवा एका मंत्र्याचा फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "हा चालेल."