आठवणीची पाटी

आमच्या घरात विसरण्याचा हक्क सर्वांना आहे. फक्त मला नाही. गॅसचा सिलिंडर कधी लावला, विम्याचा हप्ता कोणत्या तारखेला भरावयाचा, मुलीच्या शाळेतली पालकसभा पहिल्या शनिवारी की दुसऱ्या, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, या सर्व प्रश्नांची उत्तरे मजजवळ तयार असली पाहिजेत असा घराचा अलिखित नियम आहे. मी कॉलेजात मराठी शिकवते. तेथे एखाद्या कवीचे जन्मसाल आठवले नाही तर विद्यार्थी उदार मनाने क्षमा करतात. घरी दुधाचा हिशेब चुकला, की मात्र "तूसुद्धा विसरलीस?" असा प्रश्न येतो. त्या 'सुद्धा'मध्ये माझा जो गौरव भरलेला आहे, तो आताशा मला पेलेनासा झाला आहे.

यंदा माझ्या वाढदिवसाला यांनी एक खोके आणले. आत ई-रीडर होता. "वाचायला वेळ मिळत नाही म्हणतेस ना? आता पुस्तकंही यातच आणि तारखाही यातच!" हे मोठ्या उत्साहाने म्हणाले. पुस्तक आणि वेळ या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि एक आणली म्हणून दुसरी येत नाही, हे मी त्या वेळी बोलले नाही. वाढदिवस होता.

वस्तू दिसावयास थेट पहिलीतल्या मुलाची पाटी. आमचे चिरंजीव बारावीला शास्त्र शाखेत आहेत. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राचे पुराण आम्हांला ऐकावेच लागते. या पडद्यात म्हणे केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव आणि त्यात काळे व पांढरे कण. पांढऱ्यांवर धन विद्युतभार, काळ्यांवर ऋण. विजेचा इशारा मिळाला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की ते तसेच राहते. वीज खर्च होते ती पान बदलताना. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत या शाईचे संशोधन झाले आणि १९९७ साली त्यातून ई इंक ही कंपनी निघाली. "म्हणजे यंत्र झोपलं तरी पान जागं राहतं, आई," चिरंजीवांनी समारोप केला. तो गुण मला फार आवडला. त्याच गुणाने पुढे माझी फजिती व्हावयाची होती.

२००७ साली निघालेले किंडल पुष्कळांच्या परिचयाचे आहे. पण त्यात बाहेरची ॲप घालता येत नाहीत. माझी पाटी अँड्रॉइडवर चालणारी असल्यामुळे तिला ती सोय आहे. चिरंजीवांनी तासाभरात तिच्यावर गूगल कॅलेंडर चढवले, कामांच्या यादीसाठी टुडुइस्ट चढवले आणि शेवटी एक टोमॅटोचे घड्याळ चढवले. हे टोमॅटो प्रकरण मला नवीन होते. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याचे १९८०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ समोर ठेवले. पंचवीस मिनिटे एकाग्रतेने काम, मग पाच मिनिटे विश्रांती. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात. म्हणून पद्धतीचे नावही पोमोदोरो.

मी दुसऱ्याच दिवशी टोमॅटो लावून उत्तरपत्रिका तपासावयास बसले. चौथ्या मिनिटाला इस्त्रीवाला आला. नवव्या मिनिटाला कुरिअरवाला आला. तेराव्या मिनिटाला यांनी स्वतःचा चष्मा कोठे आहे हे मला विचारले. त्या इटालियन विद्यार्थ्याच्या दाराला घंटा नसावी. शिवाय सेकंद मोजणारे ते आकडे या पडद्यावर एकसारखे लुकलुकत राहिले आणि बॅटरी भराभर उतरली. स्थिर राहणे हा ज्याचा स्वभाव, त्याला धावावयास लावले की दोघांचीही दमछाक होते. टोमॅटो मी काढून टाकला.

बाकीच्या गोष्टी मात्र हळूहळू जमल्या. वाचकांपैकी कोणाकडे अशी पाटी असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल. महिन्याचा चौकटींचा तक्ता तिच्यावर ठेवू नये. अक्षरे मुंगीएवढी होतात. एकाखाली एक नोंद दाखवणारी साधी यादी ठेवावी, अक्षर ठळक करावे आणि सरकणाऱ्या, उसळणाऱ्या चित्रांची हौस बंद करावी. पान बदलले की मागच्या पानाची पुसट सावली राहते, पाणी न लावता नुसत्या तळव्याने पुसलेल्या पाटीसारखी. ती घालवण्यासाठी अधूनमधून सबंध पडदा नव्याने उमटवावा लागतो. कामांची यादी दिवसाला तीनचीच करावी. चौथे काम लिहिले की तीनही होत नाहीत. ज्यांच्याकडे लिहिता येण्याजोगे किंडल आहे, म्हणजे २०२२ साली निघालेल्या स्क्राइबसारखे, त्यांनी वर्षाची दैनंदिनी पीडीएफच्या रूपात त्यावर घ्यावी. ॲप नसले तरी लेखणीने तारखेखाली टिपण करता येते.

एक गोष्ट मात्र यांपैकी कशालाच साधली नाही. मामंजींच्या श्राद्धाची तिथी मी गूगल कॅलेंडरात नोंदवली आणि 'दर वर्षी' अशी खूण केली. पण आपले चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. तिथी पुढच्या वर्षी अकराएक दिवस अलीकडे येते, आणि मध्ये अधिक महिना पडला, जसा २०२३ साली अधिक श्रावण पडला होता, तर उलट पलीकडे जाते. यंत्र आपले इमानाने जुन्या तारखेला घंटा वाजवणार! त्यासाठी आमच्या स्वयंपाकघरातले कालनिर्णयच बरे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले हे कॅलेंडर सासूबाईंच्या संसारात तेव्हापासून भिंतीवर आहे. त्यावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असतात: दुधाचा खाडा, सिलिंडर, एकादशी आणि त्यांचा डॉक्टर.

आता फजितीकडे येते. पाटी मिळाल्यावर फोनवरच्या तारखांच्या सगळ्या घंटा मी मोठ्या अभिमानाने बंद करून टाकल्या. रविवारी रात्री आठवड्याची यादी पाटीवर उमटवावयाची आणि बॅटरी पुरावी म्हणून वाय-फाय बंद करावयाचे, असा क्रम बसला. भाद्रपदात सासूबाईंच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पुन्हा दाखवावयाची तारीख गुरुवारची होती. सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, गुरुवारऐवजी मंगळवारी या. फोन मुलीने घेतला. तिने आजीला सांगितले, वडिलांना सांगितले. यांनी कर्तव्यबुद्धीने तत्काळ घरच्या सामाईक गूगल कॅलेंडरात नोंद केली. सासूबाईंनी कालनिर्णयावरची खूण खोडरबराने पुसून मंगळवारच्या चौकटीत केली. मी त्या वेळी कॉलेजच्या बैठकीत होते.

मंगळवारी सकाळी सातला निघताना मी पाटीवर पाहिले. पाटी शांतपणे गुरुवार म्हणत होती. रविवारी उमटलेले अक्षर तसेच ठळक, तसेच सुरेख होते. मी निर्धास्तपणे गेले. सासूबाई साडेआठला इस्त्रीचे पातळ नेसून, कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या. मी तास आटोपून येईन आणि नेईन असे त्यांनी धरले होते, यांनीही धरले होते आणि मुलीनेही. सर्वांना ठाऊक होते, आणि म्हणूनच कोणी विचारले नाही. माझा फोन वर्गात मुका होता. साडेनऊला शेजारच्या काकू त्यांना रिक्षाने घेऊन गेल्या.

डोळा उत्तम आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा तसे काही बिघडले नाही. पण घरी आल्यावर मी माफी मागू लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं. तुला किती म्हणून लक्षात ठेवायचं?" त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

रात्री जेवणे झाल्यावर मी वाय-फाय लावले आणि सगळा महिना खाली उतरवून पाटी त्यांच्यासमोर धरली. चूक कशी झाली हे त्यांना दाखवावयाचे होते. फोनवर मी प्रत्येकाला रंग दिलेला आहे: यांना निळा, चिरंजीवांना हिरवा, मुलीला नारिंगी, सासूबाईंना जांभळा, कॉलेजला लाल. या पाटीला रंग नाहीत. सगळे रंग एकाच राखाडीत बुडून गेले होते. सासूबाईंनी पाटी दिव्याखाली नेली आणि नव्या डोळ्याने एकेक ओळ मोठ्याने वाचली. यांचा हप्ता. मुलाचा क्लास. मुलीची पालकसभा. कॉलेजची परीक्षा. आईंचा डोळा. वाचता वाचता त्या थांबल्या.

"अक्षर छान ठळक आहे गं," त्या म्हणाल्या. "पण यात तुझं कुठलं?"

मी पाहिले. पुढे सरकवले, मागे सरकवले. पाच रंग वाटून झाले होते आणि सहाव्याची आठवण मला कधी झाली नव्हती. फोनवर ते पान इतके रंगीबेरंगी दिसे, की त्यात कोणी नाही असे वाटावयास जागाच नव्हती.

त्या रात्री घरात एक छोटीशी सभा भरली. ठराव असे झाले: जो बातमी ऐकेल, त्याने ती कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहावयाची आणि ज्याने जावयाचे त्याला तोंडाने सांगावयाची. ज्याची तारीख त्याची घंटा ज्याच्या त्याच्या फोनवर. सासूबाईंचा डॉक्टर यांच्याकडे. यांना हे कसे जमेल अशी मला शंका होती. पण पुढच्या खेपेस हे सकाळी आठलाच बूट घालून बसले होते. माझ्या पाटीवर आता दिवसाची तीन कामे आणि एकच कायमची नोंद आहे: रात्री ९ ते ९:३०, वाचन. ती मी स्वतः घातली. घालताना, खरे सांगते, चोरी केल्यासारखे वाटले.

ही व्यवस्था बरी चालली आहे; एक अडचण मात्र उरली आहे. या पाटीवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे सासूबाईंना समजले आहे. रात्री नऊला मी हात पुसून बाहेर येते, तो पाटी त्यांच्या हातात असते आणि एका पानावर जेमतेम सात ओळी मावतील एवढ्या अक्षरांत एखादी कादंबरी चाललेली असते. "तुझी वेळ झाली का गं?" त्या मान वर न करता विचारतात. मी "नाही" म्हणते, कपाटातले एक कागदाचे पुस्तक काढते आणि त्यांच्या शेजारी बसते. साडेनऊपर्यंत आम्हांला कोणी हाक मारीत नाही. हे अधूनमधून चष्मा शोधतात. पण आताशा ते स्वतःच शोधतात.