हैदराबादेतला 'च'

आमच्या विष्णुपुरीत "गावात जाऊन येतो" म्हटलं की ते नांदेड आणि "शहरात" म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही हैदराबाद. मुंबई आमच्या वाट्याला १९५६ नंतर आली. त्याआधी कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं हैदराबादेतच व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात अम्मीला घेऊन तीन दिवस गेलो. रात्रीच्या रेल्वेनं सकाळी काचीगुडा. मुक्काम अमीरपेठेत, कारण तिथे मेट्रोच्या दोन मार्गिका मिळतात आणि लिफ्ट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसासोबत फिरताना शहर किती देखणं आहे यापेक्षा जिने किती आहेत हे आधी बघावं लागतं. चारमिनारला मात्र मेट्रो नाही. महात्मा गांधी बसस्थानकाला उतरून पुढे ऑटो. १५९१ ची ही वास्तू अम्मीनं खालूनच पाहिली. जवळच्या इराणी हॉटेलात चहात उस्मानिया बिस्किट बुडवत बसली आणि मला म्हणाली, "तू चढ, मी इथूनच बघते." सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. तिथल्या घड्याळातून दर तासाला एक छोटा दाढीवाला येऊन टोले देतो. तो बघायला पंधरा मिनिटं आधीपासून गर्दी.

जेवणाचं म्हणाल तर बिर्याणी ठीक होती. खरं जेवण मावशीच्या घरी झालं. बगारा खाना, खट्टी दाल, डबल का मीठा. ही अम्मीची खालाजाद बहीण. रझाकारांच्या जुलमानंतर सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली आणि तेव्हा आमच्याकडच्या खेड्यापाड्यांत ज्यांचा काही संबंध नव्हता अशा मुसलमानांनाही झळ बसली. सुंदरलाल समितीनं सर्वाधिक नुकसान झालेल्या चार जिल्ह्यांत नांदेड धरला होता. तेव्हा अम्मीची खाला हैदराबादेत आली ती तिथलीच झाली. माझे नाना राहिले.

जेवताना मावशी हसत म्हणाली, "आपा, तुम लोगां तो पूरे मराठी हो गए."

अम्मीचा घास थांबला. आमच्या बाजारात लोक तिला कौतुकानं म्हणतात, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" जणू ती कालच कुठून आली आहे. आणि इथे हे. पण अम्मी गप्प बसणारी नाही. म्हणाली, "और तुम? सुबे से 'मैंइच', 'वहींच' कर रै. वो 'च' किसका है?" सगळे हसले. खरंच आहे ते. दखनीतला हा 'च' मराठीतूनच गेलेला आहे, भाषेचे अभ्यासकही तेच सांगतात. सरहद्द बदलली तरी तो काही परत आला नाही.

शेवटच्या दिवशी बेगमपेठेत गेलो, स्वामी रामानंद तीर्थांच्या समाधीवर. निजामाविरुद्ध लढलेल्या या संन्याशाचं नाव आमच्या विष्णुपुरीच्या विद्यापीठाला आहे. बसच्या पाट्यांवर ते रोज दिसतं. १९७२ साली ते गेले ते हैदराबादेतच. अम्मीला कसं वाटेल, ही धाकधूक माझ्याच मनात होती. ती सावलीत बाकावर बराच वेळ बसली. "लग्न नव्हतं ना केलं यांनी?" एवढंच विचारलं. मग पदर सावरत उठली.

"चल, शेजारच्या काकूंना बिस्किटं घ्यायची राहिलीत. दोन डबे घे, एका डब्यात त्यांचं भागत नाही."