खतावणीचीं सुटलेलीं पानें

आमच्या मातोश्री घरगुती खानावळ चालवितात. तेवीस मंडळींचा हिशेब, कोणाचे खाडे किती, बाकी किती, हें सारें एका जुन्या संगणकांत असे. तो रोज रीतसर बंद करण्याचें काम आमच्याकडे होतें. गेल्या सप्टेंबरांत एका संध्याकाळीं मित्रांनीं खालून हांक मारली, आणि आम्हीं, सांगावयास लाज वाटते, सरळ भिंतीवरील बटण दाबून खेळावयास धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशीं संगणक सुरू होईना. काळ्या पडद्यावर विसंगति आढळल्याच्या इंग्रजी ओळी तेवढ्या उमटल्या. महिनाअखेर तीन दिवसांवर आली होती. "वीज गेली असेल," असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली.

आमचे मामेभाऊ, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. ते आले आणि प्रथम म्हणाले, "कशालाहि हात लावूं नकोस. आधीं तबकडीची हुबेहूब नक्कल करूं. दुरुस्ती करणारा प्रोग्राम विसंगत वाटेल तें पुसूनहि टाकतो." पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून नक्कल घेण्यांत दुपार गेली. तोंवर दादांनीं आम्हांस बिघाडाचें मर्म समजाविलें.

संगणक लिहिलेला मजकूर लागलीच तबकडीवर उतरवीत नाहीं. कांहीं काळ तो स्मृतींत ठेवितो. रीतसर बंद करतांना हें उरलेलें काम तो पुरें करितो. आम्हीं त्याला ती सवडच दिली नव्हती. त्यांतून आमच्या लिनक्सवर एक्स्ट-२ ही १९९३ सालची फाइल-व्यवस्था होती. "आजोबा दुकानांत आधीं कीर्द लिहीत, मग खतावणी. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्दीवरून पुरी करतां येई. एक्स्ट-२ ला कीर्दच नाहीं!" असें दादा म्हणाले. ती सोय २००१ सालीं लिनक्समध्यें आलेल्या एक्स्ट-३ पासून मिळाली. कीर्द नसल्यामुळें सारी तबकडी पानोपान तपासणें आलें.

एफएससीके हा तपासनीस प्रथम कांहींहि न बदलतां नुसता पाहावयास लाविला, मग दुरुस्तीस. त्याच्या पांच फेऱ्या असतात. प्रत्येक फाइलीची नोंद व तिच्या जागा, मग फोल्डरांची रचना, मग तीं एकमेकांस जोडलेलीं आहेत कीं नाहींत, असें करीत तो शेवटीं मोकळ्या जागेचा ताळा घेतो. तो विचारी आणि दादा 'होय' म्हणत.

संगणक उठला, परंतु हिशेबाचें फोल्डर रिकामें! सतरा फाइली 'हरवलें-सांपडलें' अशा अर्थाच्या निराळ्या फोल्डरांत होत्या, आणि नांवाच्या जागीं नुसते आंकडे. फाइलीचें नांव फोल्डरांत लिहिलेलें असतें, मजकूर दुसरीकडे. फोल्डराचें पान फाटलें म्हणून नांवें गेलीं, मजकूर राहिला. एकेक उघडून आम्हीं महिने ओळखले. सप्टेंबर मात्र शून्य अक्षरांचा निघाला. बटण दाबलें तेव्हां तोच उघडा होता.

त्या रात्रीं आम्हीं मातोश्रींस खरें सांगितलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. पोळी वाढली, तूप मात्र वाढलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं वही घेऊन प्रत्येकास त्याचे खाडे विचारले, आणि त्या वेळीं शेजारीं उभें राहून कारण सांगणें आमच्याकडे आलें. तेवीस वेळां सांगितलें. दोघांचे आंकडे आईंच्या आठवणीशीं जुळेनात. एक वृद्ध गृहस्थ तर म्हणाले, "तुम्ही तीन खाडे धरतां, पण मी दोनच दिवस गांवीं होतों."

आतां संगणकावर कीर्द असलेली नवी व्यवस्था आहे, आणि मातोश्रींच्या उशाशीं एक कागदी वही. संगणक बंद करण्याचें काम मात्र अद्याप आमच्याकडे परत आलेलें नाहीं.